बिनस्टेपनीचं वऱ्हाड

प्लेग येऊन गेल्यावर सुरतेला सेवेचं वेड लागलं. आधी रस्ते झाडले, मग गटारं उपसली, आणि झाडायला काही उरलं नाही तेव्हा माणसं एकमेकांचं कल्याण करायला लागली. कापड मार्केटातल्या शेठ लोकांनी गल्लोगल्ली मंडळं काढली. कुणी रक्तदान करी, कुणी झाडं लावी, कुणी दुसऱ्याने लावलेल्या झाडाला पिंजरा बसवून पिंजऱ्यावर आपलं नाव रंगवी. आमच्या गोडादरा वस्तीच्या वाट्याला जे मंडळ आलं, त्याने ठरवलं की सुरत ते धुळे सायकलवर जायचं, वाटेत देणग्या मागायच्या आणि त्यातून महामार्गासाठी एक ॲम्ब्युलन्स घ्यायची. हेतूला नाव ठेवायला जागा नव्हती. त्या रस्त्यावर ट्रक उलटत, माणसं तासन्‌तास पडून राहत, हे आम्हा खानदेशी लोकांइतकं कुणाला ठाऊक असणार? आमचं अर्धं आयुष्य त्याच रस्त्यावर गेलेलं.

हसू आलं ते शेठ लोक सायकल चालवणार याचं. सायकल ही आमच्या गल्लीची वस्तू. पाळी सुटली की लूमच्या कारखान्यातून माणसं सायकलवर घरी येत, सायकलवर गॅसची टाकी येई, सायकलवर एकदा शेजारच्या बुलढाण्याच्या काकूंचं अख्खं कपाटही आलं होतं. शेठ लोकांनी ती गोष्ट बघितली होती ती गाडीच्या काचेतून, हॉर्न वाजवत. आता त्यांनी गिअरच्या नव्या सायकली घेतल्या, पांढरे ट्रॅकसूट शिवले आणि अध्यक्षांनी तर काळा चष्मादेखील घेतला.

सायकल चालवणारे वीस-बावीस. त्यांना पाणी, जेवण, पंक्चर, पाय चेपणं हे सगळं करायला स्वयंसेवक हवे होते. स्वयंसेवक कसा होतो, ते मला तेव्हा कळलं. अध्यक्ष ज्या कारखान्यांचं कापड उचलत, त्या कारखानदारांना त्यांनी फोन केला, कारखानदाराने मुकादमाला सांगितलं आणि मुकादमाने कामगारांना. अशा रीतीने गोडादऱ्याच्या माणसांच्या मनात सेवाभाव जागा झाला. मी मराठी शाळेत मास्तरीण. मला फोन आला नव्हता, पण नकाशा वाचता येतो म्हणून मलाही धरलं. नवरा म्हणाला, "जा, दोन दिवस घरात शांतता राहील."

आमच्या तुकडीचा म्होरक्या म्हणून नेमला गेला तो माझा मामा.

मामा कारखान्यात माग दुरुस्त करायचा. अंगाने वाळका, मिशीने भरघोस, आणि रागाने त्याहून भरघोस. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला यायचा, माझ्या पोरांना गोळ्या द्यायचा. फक्त माझ्या आईचा विषय निघाला की कप खाली ठेवून निघून जायचा. आई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. पाच-सहा वर्षं झाली होती, तो तिच्या दारात गेला नव्हता. आणि याला कारण होतं माझं लग्न.

माझं लग्न आमच्या गावी लागलं. गाव कोंडाईबारीचा घाट चढून गेलं की थोडं पुढे, रस्त्यालगत. नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामाने, हा त्याचा मान. मामा सुरतेहून ट्रकभर माणसं घेऊन निघाला. मला द्यायला त्याने लोखंडी कपाट घेतलं होतं. ते मावेना म्हणून ट्रकची स्टेपनी उतरवून ठेवली. आमच्या लोकांची ही जुनीच रीत आहे. वऱ्हाड निघालं की जागा करायला पहिली उतरते ती स्टेपनी. तिच्या जागी कधी रुखवत बसतं, कधी सासरेबुवा. वर देव आहे म्हणतात. त्या दिवशी देव दुसऱ्या कुठल्या लग्नाला गेला असावा. घाटात शेंदूर लावलेल्या दगडाच्या वळणावर ट्रकचं चाक बसलं.

इकडे गोरज मुहूर्त. भटजी घड्याळ बघतो, नवऱ्याकडचे घसे खाकरतात. शेवटी एका चुलत मामाने मला धरून बोहल्यावर नेलं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि तेव्हा ट्रक आला. मामा घामाघूम होऊन मांडवात शिरला. आईच्या हातात बुंदीचं भगुणं होतं, शंभर माणसांना वाढायचं होतं. ती म्हणाली, "उना का? बठ आते, जेवी ले."

एवढंच. पण मामाला ते लागलं. उशीर का झाला, हे कुणी विचारलं नाही. "मी काय जेवाले उनू का?" म्हणाला, कपाट मांडवाच्या दारात उतरवलं आणि मागे फिरला. एकटा फिरला असता तर चाललं असतं. ट्रक त्याने ठरवलेला, म्हणून ट्रकातली सगळी माणसंही फिरली. समोर पंगत वाढलेली, नाकात बुंदीचा वास, आणि ही पन्नास माणसं पुन्हा ट्रकात चढून उपाशी सुरतेला आली. आमच्या गल्लीतल्या बुलढाण्याच्या काकू त्यात होत्या. त्यांनी मामाला कधी माफ केलं नाही. मामा समोरून गेला की त्या ओट्यावरून ऐकवायच्या, "तुमच्या रुसव्यापायी मी लग्नातून उपाशी वापस आली, भाऊ. असं वैऱ्याच्या घरीबी होत नाही."

त्यानंतर दोघांत जे जुंपलं ते रीतीभातीवरून. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, भाऊ बहिणीला सासरहून माहेरी आणायला जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मामा म्हणे, माझा मान गेला आहे, तेव्हा आक्काने माणूस पाठवून मला बोलावून न्यावं. आई म्हणे, "भाऊ मुऱ्हाळी व्हस. बहीण मुऱ्हाळी व्हयनी, असं कधी ऐकं का?" झालं. दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर होते, आणि दोन बरोबर माणसांचं भांडण कधीच मिटत नाही.

प्लेगात अख्खं सुरत गावाकडे पळालं. मामाने बायकोपोरांना तिच्या माहेरी पाठवलं आणि स्वतः ओस पडलेल्या गल्लीत तोंडाला रुमाल बांधून एकटा बसून राहिला. मी आईकडे गेले होते. आई रोज एसटी आली की ओट्यावर येऊन उभी राहायची. कुणी उतरलं नाही की आत जायची आणि म्हणायची, "मरू दे मेल्याला." मग रात्री जेवायची नाही. तेव्हा मला दोघांचा इतका राग आला होता की वाटलं, दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालावी.

म्हणून नकाशा माझ्या हाती आला तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल? सायकलवाल्यांचा दुसरा मुक्काम आमच्या गावच्या शाळेत टाकला आणि पुढे लिहिलं, 'स्वागत व औक्षण: गावातील ज्येष्ठ महिला.' ती ज्येष्ठ महिला कोण, हे अध्यक्षांनी विचारलं नाही. मामाने विचारलं.

"तुनं डोकं माले कळस," तो म्हणाला. "मी येसू. पन तुना गावमा मी टेम्पोतून उतरनार नै. शेठ लोकेसले उतारसू आनि टेम्पो सरळ साक्रीले."

"नको उतरू," मी म्हटलं. "टेम्पोत बसून आईच्या घराकडे पाठ कर. तेवढंच तुला येतं."

तो चहा न पिता गेला. पण दुसऱ्या दिवशी बघते तर ओट्यावर सायकलच्या ट्यूबांचा ढीग. दोन पंप, सोल्युशनच्या नळ्या, पाण्याचं घमेलं. त्या घाटात पुन्हा पंक्चरने अब्रू घालवायची नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं. बोलला नाही, पण मला दिसत होतं.

आता आमच्या लोकांना प्रवासाचा एकच प्रकार माहीत: वऱ्हाड. सुरत ते खानदेश जायचं ते लग्नाला. त्यामुळे सायकलवाल्यांची तयारीही त्यांनी त्याच चालीवर केली. शेठ लोक म्हणजे वरपक्ष. त्यांच्यासाठी पानसुपारीचं तबक, हात धुवायला पितळी तपेलं, पंगतीला वाढायला बादल्या. सायकलींच्या सीट टणक म्हणून काकूंनी साड्यांच्या चिंध्या भरून गाद्या शिवल्या आणि जरीच्या काठांनी बांधल्या. परदेशी दिसणाऱ्या त्या सायकली सीमांतपूजनाच्या घोड्यांसारख्या दिसायला लागल्या. स्वयंपाकाची सूत्रं काकूंकडे. त्यांनी टेम्पोत पीठ, डाळ, तुपाचा डबा, वांग्यांचं पोतं, गोवऱ्या, आणि मिक्सरला चव नसते म्हणून दगडी पाटा-वरवंटा चढवला. मी विचारलं, "काकू, वाटण घरून वाटून नेलं तर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा नकाशाकडे वळले.

गोडादऱ्याशेजारच्या पर्वत पाटियाला निरोपाचा समारंभ झाला. सकाळी लवकर निघायचं म्हणून सगळे ऊन चढल्यावर जमले. हार, भाषणं, बँड. 'प्राण वाचवा' असा मोठा फलक. त्या फलकावर उपाध्यक्षांचं नाव अध्यक्षांच्या नावाखाली आणि बारीक अक्षरात आलं होतं, ते त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचलं. मग नारळ फुटला आणि सायकली निघाल्या. मागे त्यांच्या घरच्या गाड्या, बायका-मुलं बसलेली, मागे आमचा टेम्पो. सर्वात मागे आमच्या पंक्चरवाल्याची काळी, कॅरियरवाली जुनी सायकल, कारण वेगाने पुढे जाऊन चहाचं बघायला कुणीतरी लागतं.

चलथाणपर्यंत सगळे सायकलवर होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. तिथे साखर कारखान्याचा तो गोड उग्र वास आला, कुणीतरी उसाचा रस म्हणालं आणि सेवा थांबली. रस पिऊन झाल्यावर तिघांना चक्कर आली. ते आपापल्या गाडीत जाऊन बसले. बारडोलीच्या आत आणखी पाच. सायकली टेम्पोत चढत होत्या, आमची माणसं टेम्पोतून उतरत होती, कारण सायकलींना जागा लागे. गाव आलं की मात्र सगळे शेठ गाड्यांतून उतरायचे, सायकली मागायचे, घंटी वाजवत वेशीत शिरायचे, देणगी घ्यायचे, फोटो काढायचे आणि गाव संपलं की पुन्हा गाडीत. गावाबाहेर सायकली चालवत आणायचं काम मग आमच्या माणसांवर आलं. दिवसभर लूमजवळ उभं राहणारे पाय ते. त्यांना गिअर कशाला हवे?

सोनगडला पहिला मुक्काम पडला. सकाळी बघतो तर उपाध्यक्ष रुसलेले. धर्मशाळेच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले, चहाला हात लावेनात. "फलक बदलो, नहीं तो हुं घरे जाऊं छुं," एवढंच म्हणत. अध्यक्ष गेले, खजिनदार गेले, काही उपयोग नाही. शेवटी काकू म्हणाल्या, "रुसण्याचे डॉक्टर आपल्यातच हायेत की. त्यायले पाठवा." आणि मामाकडे बोट दाखवलं.

मामा गेला. मी पोह्यांची ताटली घेऊन मागे उभी होते. मला वाटलं, हा आता मानपानावर भाषण देणार, आणि दोघं मिळून रुसतील. मामा खाटेच्या कडेला बसला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "शेठ, रूठना है तो खाके रूठो. मैं एक बार भूखा रूठा था. बाद में कितना भी खाया, वो भूख नहीं गयी."

उपाध्यक्षांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी ताटली घेतली. मी बाहेर येऊन खांबाला टेकले. मला रडू आलं होतं आणि त्याचा रागही आला होता. एवढं कळत होतं याला, तर इतकी वर्षं माझ्याकडे नुसता चहा काय पीत बसला होता? आज संध्याकाळी टेम्पो गावात थांबेल, हा दार न उघडता आत बसून राहील, आई ताट घेऊन उभी राहील, आणि मग मात्र कायमचं तुटेल. दोघांची वयं काय आता पुन्हा पुन्हा संधी द्यायची होती?

नवापूरला महाराष्ट्र लागला आणि अध्यक्षांच्या अंगात वारं आलं. धुळ्याहून वर्तमानपत्राचा माणूस वाटेत कुठेही भेटू शकतो, असं त्यांना कळलं होतं. त्यांनी जाहीर केलं की इथून पुढे एकही गाडी सोबत नको, खरी सेवा करायची. सगळ्या गाड्या पुढे धुळ्याला धाडल्या. आता उरले शेठ, त्यांच्या सायकली आणि आमचा टेम्पो.

विसरवाडीच्या अलीकडे आंब्यांच्या सावलीत दुपारचं जेवण ठरलं होतं. मी कागदावर लिहिलं होतं, 'हलका आहार.' काकूंनी तो कागद गोवऱ्या पेटवायला वापरला. वरपक्षाला हलका आहार देणं म्हणजे अपमान. त्यांनी केली वरण-बट्टी. गोवऱ्यांवर भाजलेल्या जाड बट्ट्या, त्या कुस्करून वर वरण, वरणावर तूप, तुपावर आणखी तूप, सोबत घोटलेली वांग्याची भाजी. आणि आग्रह! आमच्या आग्रहाला नाही म्हणायची सोय नसते. ताटावर आडवा हात धरला तर हातावर वाढतात. "बस, बस, पेट भराई गयुं," शेठ ओरडत होते आणि आमची माणसं "एक, फक्त एक" म्हणत वाढत होती. अध्यक्षांना खुद्द काकूंनी वाढलं. त्यांनी चष्मा काढला, नाडी सैल केली आणि शेवटची बट्टी संपवताना डोळे मिटले ते मिटलेच.

वरण-बट्टी खाल्लेला माणूस आणि पोतं यांत फारसा फरक राहत नाही. वीस-बावीस ट्रॅकसूट आंब्याखाली पसरले. तास गेला, दोन तास गेले. उठवलं तर कूस बदलत. समोर कोंडाईबारीचा घाट, वर गावात बँड बोलावलेला, औक्षणाचं ताट तयार. शेवटी मामाने ठरवलं आणि आम्ही एकेका शेठला दोघादोघांनी धरून टेम्पोत चढवलं, सायकली वर टपावर बांधल्या. 'प्राण वाचवा'चा फलक टेम्पोच्या मागे लावला होता. आत पाय लांब करून आडवी माणसं, वर फलक. ॲम्ब्युलन्स घेण्याआधीच तिची रंगीत तालीम झाली. पंक्चरवाल्याने आपली काळी सायकल तेवढी बाजूला ठेवली होती. ती मागे दोरीने बांधली.

टेम्पो कण्हत घाट चढायला लागला. मामा ड्रायव्हरशेजारी, मी त्याच्याशेजारी. शेंदूर लावलेल्या दगडाचं वळण आलं तेव्हा मामाने हात जोडले. त्याच क्षणी खालून मोठ्ठा फटका बसल्याचा आवाज झाला आणि टेम्पो एका अंगाने बसला.

मामा खाली उतरला. चाकाकडे बघितलं. मग शांतपणे मागे गेला आणि काकूंना विचारलं, "स्टेपनी?"

"ते चाक?" काकू म्हणाल्या. "ते म्या घरी ठेवलं, भाऊ. पाट्याले जागा नव्हती."

मामाजवळ सायकलीच्या ट्यूबा ढीगभर होत्या. एका सायकलीची हवा गेली नव्हती. त्याने त्या ट्यूबांकडे बघितलं, दगडाकडे बघितलं आणि रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला. मला वाटलं, रागावेल, काकूंना ताडताड बोलेल. तो नुसता चपलेने खडे सारत राहिला. त्याचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता, ते मला कुणाला सांगवत नाही.

आम्ही ट्रकवाल्यांना हात केले. त्यांनी फलक वाचला, आडवे पडलेले पांढरे कपडे बघितले, अपघाताची भानगड आहे असं समजून वेग वाढवला. अशा लोकांसाठीच तर ॲम्ब्युलन्स हवी होती.

उजेड उतरायला लागला. गावात जाऊन कुणाचा तरी ट्रॅक्टर आणि दुसरं चाक आणणं भाग होतं. गाव मला माहीत. पण घाटातून एकटी बाई पाठवणार कोण? जाग्या झालेल्या दोन शेठांनी सायकलकडे बघून पोटावरून हात फिरवला. ड्रायव्हरला टेम्पो सोडता येत नव्हता. पंक्चरवाल्याचा पाय बट्ट्या वाढताना मुरगळला होता, निदान तो तसं म्हणाला. मग काकू मामासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"उठा आता," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी तुम्ही चाकाशी झटत बसले आणि पोरीचं लगन लागून गेलं. या वेळी चाक ऱ्हाऊ द्या. पोरीले घेऊन चाला."

मामा उठला. काळी सायकल सोडली. चढावर त्याने ती ढकलली आणि मी मागून चालले. माथा आला तेव्हा त्याने टांग मारली आणि म्हणाला, "बठ."

मी तिशीच्या पुढची, दोन पोरांची आई, शाळेत पोरांना छडी दाखवणारी. पदर खोचला आणि कॅरियरवर बसले. उतार लागला. मामाचा घामाने भिजलेला सदरा माझ्या तोंडाशी फडफडत होता. लहानपणी यात्रेला तो मला असाच न्यायचा.

"मी येशीपावत येस," तो न वळता म्हणाला. "तठून तू जाय."

"बरं," मी म्हटलं. कारण वेशीवर काय उभं आहे, ते मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

वेशीवर बँड उभा होता. दुपारपासून वाट बघून कंटाळलेला. धूसर उजेडात सायकल दिसताच त्यांनी कोण आहे हे न बघता वाजवायला सुरुवात केली. गावच्या बँडला वाजवता येतं ते एकच, नवरी मांडवात येताना वाजवायचं. झांजा, ढोल, पिपाण्या. पुढे पोरं नाचायला लागली, मागून माणसं आली आणि सायकलभोवती असं कोंडाळं झालं की मामाला ना उतरता येईना, ना मागे वळता येईना. मला तर हसू आवरेना. पुढून ढोल, मागून गर्दी, आणि आमची वरात थेट आमच्या ओट्यापुढे येऊन थांबली.

ओट्यावर आई. हातात आरतीचं ताट, अंगावर तिचं जरीचं लुगडं. पाहुण्या शेठसाठी नेसलेलं. बँड थांबला. तिने सायकलकडे बघितलं. मामाने पाय टेकला. तो इतक्या बारीक आवाजात बोलला की मला कॅरियरवरूनही कष्टानेच ऐकू आलं.

"आक्का, घाटमा पंक्चर व्हयनं."

इतकी वर्षं त्याला हे एक वाक्य सांगायचं होतं, आणि ते ऐकायला कुणी विचारलंच नव्हतं.

आईने ताट जरा खाली घेतलं. "स्टेपनी नै व्हती का?" तिने विचारलं.

"नै व्हती." मग त्याने माझा दंड धरून मला खाली उतरवलं आणि ओट्याच्या पायरीपाशी आणून उभं केलं. "ही ले तुनी पोर. तिले लई उनू."

तिने ओवाळलं. कुंकू लावताना बोट चुकलं आणि ते त्याच्या नाकापर्यंत ओघळलं. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"बठ आते," आई म्हणाली. "जेवी ले."

तेच शब्द. मामाने चपला काढल्या, पायरी चढला आणि भिंतीला पाठ लावून बसला. तिने भाकरी वाढली, भाजी वाढली आणि समोर पदर घेऊन बसून राहिली. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो चार भाकऱ्या जेवला. मध्येच मी म्हटलं, "मामा, घाटात शेठ लोक अडकलेत." दोघं एकदम माझ्यावर ओरडली, "खाऊ दे ना त्याले!" आणि "बठतीन थोडा येळ!" म्हणजे आता दोघं एका बाजूला झाली होती आणि माझी काही धडगत नव्हती.

भाऊबंदांपैकी एकाचा ट्रॅक्टर मीच जाऊन पाठवला. मामाने हात धुतले आणि आईला म्हणाला, "आक्का, टेम्पोमा मना गल्लीना लोके शेतस. लगनमा तधळ मना संगे ज्या उपाशी गयात ना, त्यासमाधला."

आईने पिठाचा डबा ओढला.

ट्रॅक्टरने टेम्पो ओढत आणला तेव्हा अंगणात पंगत मांडलेली होती. शेठ लोक टेम्पोतून उतरले आणि सवयीने पहिल्या पाटांकडे निघाले. आईने त्यांना थांबवलं. तिला ते कोण हे ठाऊक होतं, तरी थांबवलं. पहिल्या पंगतीला तिने काकूंना बसवलं, ड्रायव्हरला, पंक्चरवाल्याला, आमच्या सगळ्या माणसांना. मामा कमरेला पंचा बांधून बादली घेऊन वाढायला लागला. उपाध्यक्षांनी ते बघितलं, ट्रॅकसूटच्या बाह्या सारल्या आणि पाण्याची कळशी उचलली. अध्यक्ष जरा घुटमळले. मग मीठ वाढायला लागले.

काकूंच्या ताटात मामाने स्वतः वाढलं. त्या मान खाली घालून जेवत राहिल्या. शेवटी ताटात हात धुतला, पदराला पुसला, उठल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या आईजवळ गेल्या. लग्नघरातून निघताना बायका जे म्हणतात तेच त्या म्हणाल्या.

"येतो मग आम्ही. लगन मस्त झालं, बाई."